वीसतोंड्या

फाउस्तिनो लिमाचीने डावा तळवा गाठीवर ठेवला आणि उजव्या हाताने एकेक जुडी चाचपली. दोन आडव्या, दोन खाली उतरणाऱ्या, एक वर जाणारी. गाठीची दोरी अजून ओलसर होती आणि करकचून आवळलेली होती.

"पाच," तो म्हणाला. "पुढची."

"पुढचीही पाचच आहे, प्रोफे," विल्मेर म्हणाला. "तुमच्या गणितात रोज नवीन काही निघत नाही."

"तुझ्या तोंडातून मात्र निघतं. सरक बाजूला."

पोरं हसली. फाउस्तिनोही हसला आणि खांदा जुड्यांना घासत पुढच्या गाठीकडे गेला. वर्गातले बाक अंगणात काढून ठेवले होते, आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध, तोतोराच्याच, म्हणजे तळ्याकाठच्या लव्हाळ्याच्याच, एका जाड चुंबळीवर, ते धूड उभं होतं. मनगटाएवढ्या जाड जुड्या, प्रत्येक जुडी फाउस्तिनोच्या हनुवटीपर्यंत येईल एवढी लांब. पुस्तकात त्याचं नाव विंशतिफलक, म्हणजे वीस त्रिकोणी तोंडांचा आकार, असं होतं. पोरांनी पहिल्याच दिवशी त्याचा वीसतोंड्या करून टाकला होता. खालचं टोक चुंबळीत रुतलेलं, त्याच्यावर पाच गाठींचं एक कडं, त्याच्यावर पाच गाठींचं दुसरं कडं, आणि पार वर, छताला टेकायच्या बेतात, शेंडा. वरच्या कड्याशी त्याचे हात उंच करून कसेबसे पोचत होते. शेंडा मात्र त्याच्या हाताबाहेर होता.

"आणि शेंडा?" त्याने विचारलं.

मागे कुणीतरी खोकललं.

"शेंड्यालाही पाच, प्रोफे," एदित पायेचा आवाज आला. "मी स्वतः बांधलाय. बाकावर चढून."

"ढिला नाही ना?"

"नाही."

"शाब्बास. बापाच्या होड्या पाण्यात उगाच नाही तरंगत."

एदितचा बाप तोतोराच्या होड्या बांधायचा. खरं तर या काठावरच्या निम्म्या घरांत तोच धंदा होता, म्हणजे पूर्वी होता. आता लोक फायबरच्या होड्या घेत आणि तोतोराच्या होड्या चाव्या अडकवायच्या साखळीएवढ्या करून पर्यटकांना विकत. पण पोरांच्या बोटांतून गाठी अजून गेल्या नव्हत्या. चालायला लागण्याआधी इथलं पोर तोतोराला पीळ द्यायला शिकतं, असं म्हातारे म्हणतात. म्हातारे काहीही म्हणतात, पण यात तथ्य होतं.

या गाठींनीच फाउस्तिनोला तारलं होतं. दोन वर्षांपूर्वी एल आल्तो शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईने त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि सांगितलं, गेलं ते गेलं, आता जे उरलंय ते थेंबांनी सांभाळा. तेव्हा त्याला नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. पुढे त्या नळीच्या तोंडावर वाफ धरली. आता खिडकी कुठे आहे आणि दार उघडं आहे की बंद, एवढंच कळायचं. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. बायको वारून सहा वर्षं झालेली, मुलगी साओ पाउलोत शिवणाच्या कारखान्यात. सांगणार तरी कुणाला? आणि सांगितलं असतं तर शाळेने त्याला घरी बसवलं असतं. घरी काय होतं? एक खाट, एक रेडिओ आणि बायकोच्या टोप्या. त्याला या वर्गाखेरीज दुसरं काही नव्हतं, आणि हे तो स्वतःशी अगदी सरळ कबूल करायचा.

फळ्यावरच्या ओळी एकमेकींवर चढू लागल्या तेव्हा एके दिवशी घाबरून त्याने खडू खाली ठेवला आणि म्हणाला, उद्या प्रत्येकाने काठावरून भारा भारा तोतोरा आणायचा. हाताने तपासता येईल असं काहीतरी त्याला हवं होतं, बाकी काही नाही. पण झालं भलतंच. पोरांनी आधी चतुष्फलक बांधला, मग अख्खा वर्ग आत बसेल एवढा घन बांधला, आणि घनाच्या कर्णाचं गणित घनाच्या पोटात बसून सोडवलं. मुख्याध्यापिका दोन्या बेत्साबेने फोटो काढले. ते फोटो फिरत फिरत जिल्ह्याला गेले. तिथून पत्र आलं की ही नवी अध्यापनपद्धती आहे. आंधळ्याने काठी टेकली आणि लोक म्हणाले काय सुंदर नाच! फाउस्तिनोने ते पत्र दोन्या बेत्साबेकडून मोठ्याने वाचून घेतलं, चष्मा घरी राहिलाय म्हणून.

आणि आज जिल्हा शिक्षणाधिकारी, लिसेन्सियादो इतुर्री, स्वतः ही पद्धती बघायला येणार होते. वीसतोंड्याला एक धर्ममाताही, म्हणजे मानाने खर्च उचलणारी बाईही, ठरली होती. इथे केकला, फटाक्यांना, फुटबॉलच्या मोज्यांनाही धर्ममाता लागते, मग वीसतोंड्याने काय घोडं मारलंय, असं म्हणून एदितच्या मावशीने दारूची बाटली आणि रंगीत कागदाचे बारीक तुकडे स्वतःहून आणले होते.

"पोरांनो, बाहेर या जरा," अंगणातून दोन्या बेत्साबेने हाक मारली. "बाक सावलीत घ्या. साहेब काय उन्हात बसणार?"

पोरं धडाधड गेली. खोली शांत झाली. बाहेर बायका जमिनीवर लांबलचक कापडं अंथरत होत्या. प्रत्येकीने घरून आणलेलं त्यावर ओतायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. उकडलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा आणि तळलेल्या बारीक माशांचा वास आत आला.

एक बाक दाराजवळ राहिला होता. फाउस्तिनोने तो पायाने चाचपला, ओढत आणला आणि वर चढला. त्याला संशय वगैरे काही नव्हता. तीस वर्षं हा आकार त्याने फळ्यावर काढला होता, पण त्याच्या शेंड्याला हात कधी लावला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला असली एखादी हौस असू नये का?

त्याने वरच्या कड्याची गाठ धरली, तिच्यातून वर जाणारी जुडी मुठीत पकडली आणि मूठ हळूहळू वर सरकवली. वीतभर गेल्यावर हाताला काही लागेना.

जुडी मोडली, असं त्याला आधी वाटलं. तो हात हवेत फिरवत तुटका भाग शोधू लागला. सापडला नाही. मग त्याने बोटं टोकावर ठेवली. काड्या एका पातळीत कापलेल्या होत्या, कोयत्याने, नीट. टोक सुटू नये म्हणून वर दोरीही गुंडाळली होती. तो बाकावरून उतरला, बाक सरकवला, दुसऱ्या गाठीशी चढला. तिथेही वीतभर, तिथेही दोरी. तिसऱ्या गाठीशी तेच. चौथ्या, पाचव्या गाठीचं काय ते तो समजला, तरीही त्याने बाक ओढून त्याही पाहिल्या. मास्तर होता, अर्धवट तपासायची सवय नव्हती.

वीसतोंड्याला शेंडा नव्हता. वर मोकळं भगदाड होतं. आणि हे पाच खुंट कुठेही जात नव्हते. ते फक्त त्याच्या तळव्यासाठी होते, त्याची मोजणी पाच यावी म्हणून.

तो बाकावर बसला. मग त्याने हाक मारली, "एदित! एकटीच ये."

ती आली. दारातला उजेड तिच्या आकाराएवढा कमी झाला आणि तसाच राहिला.

"शेंडा कुठे आहे?"

तिच्या चपला उंबऱ्याशी घसटल्या.

"मी विचारतोय, पोरी."

"तोतोरा संपला, प्रोफे," ती म्हणाली. "पाणी कुठल्या कुठे मागे गेलंय. काठाला जो राहिलाय तो काळा पडलाय, हातात मोडतो. तळ्यात आतपर्यंत जाऊन पाहिलं आम्ही. पाच जुड्या नाही निघाल्या."

"मग तसं सांगायचं. पंधराच तोंडं झाली, प्रोफे, पाच राहिली. गणित पंधरानेही झालं असतं."

"तुम्ही इतके खूश होतात."

"मी खूश होतो म्हणून गणित बदलतं?"

"नाही, प्रोफे."

"हे खुंट कुणाचं डोकं? विल्मेरचं?"

"माझं," ती म्हणाली. आता तिचा आवाज रडवा झाला होता. "तुम्ही प्रत्येक गाठीला पाच मोजता ना. वरच्या कड्याला चारच लागल्या असत्या, तर तुम्हाला कळलं असतं. आणि सभेत ठरलंय की..."

ती थांबली.

"कुठल्या सभेत?"

"पालकांच्या. मार्चमधल्या."

"काय ठरलंय?"

"की तुम्हाला जाणवू द्यायचं नाही."

मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जगाला दिसत नाही. फाउस्तिनोने गुडघ्यांवर हात ठेवले. या काठावर सभेत एकदा ठरलं की ठरलं. हात वर झाले की मग सगळा गाव एका तोंडाने बोलतो. फितूर झालेल्याशी वर्षभर कुणी बोलत नाही. त्याला हे ठाऊक होतं. तो स्वतः कितीतरी सभांत हात वर करून बसला होता.

"सकाळी मिनीबसजवळ रोज कुणीतरी भेटतं," तो म्हणाला. "शाळेपर्यंत गप्पा मारत येतं."

"पाळी असते, प्रोफे. या आठवड्यात कामाचोंच्या घराची आहे. पुढच्या आठवड्यात आमची."

पाटाचं पाणी पाळीने, शाळेची राखण पाळीने, संताच्या जत्रेचा खर्च पाळीने. पाळी कुणाला आवडते का, असं कुणी विचारत नाही. त्याला वाटलं होतं, पोरांना त्याच्याशी बोलायला आवडतं. वाटेत तो त्यांना कोडी घालायचा.

"अजून काय?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"एदित."

ती दाराच्या चौकटीला नखाने खरवडू लागली. तो आवाज त्याला ऐकू येत होता.

"वर्गात आम्ही चुकत नाही," ती म्हणाली. "उत्तरं दोन्या बेत्साबे आधी तपासून देतात. कुणी चुकलं की तुम्ही समजावायला फळ्याकडे जाता. मग लिहिता. आणि ते... एकावर एक येतं सगळं. एकदा तुम्ही फळ्याबाहेर भिंतीवर लिहीत होतात, प्रोफे. बराच वेळ. कुणाला हसूही येईना. त्या दिवसापासून कुणी चुकायचं नाही, असं आम्ही ठरवलं."

या वर्षीचा वर्ग तीस वर्षांतला सगळ्यात हुशार वर्ग आहे, असं फाउस्तिनोने मुलीला फोनवर सांगितलं होतं. एकदा नाही, दर रविवारी. पोरं न चुकता जर वर्षभर बसली असतील, तर त्याने वर्षभर त्यांना काहीही शिकवलेलं नव्हतं. तो फक्त त्यांच्यात येऊन बसत होता. आजोबांना उन्हात आणून बसवतात, तसा.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "गावाचं गाव जाणे. पण इतुर्री काय सभेला नव्हता. त्याला डोळे आहेत. दारात पाऊल टाकलं की भगदाड दिसेल आणि मी वीस वीस म्हणून नाचत असेन. सगळ्यांना सांग, विचारलं तर खरं सांगायचं."

"सभेत ठरलंय, प्रोफे."

"मी सांगतोय!"

"हो," ती म्हणाली. पण ते हो त्याला नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. अंगणात फटाका वाजला, कुत्री भुंकली, आणि ती पळाली.

लिसेन्सियादो इतुर्री आले. त्यांच्या गळ्यात फुलांचे हार पडले, डोक्यावर कागदाचे तुकडे ओतले गेले. एदितच्या मावशीने फाउस्तिनोच्याही डोक्यावर मूठभर तुकडे थापले आणि पाठीवर जोरात थोपटलं. ती थोपटणीसुद्धा आता त्याला वेगळी लागली. मग सगळी मंडळी वर्गात आली, जी मावली नाहीत ती दारात आणि खिडक्यांत. मावशीने चुंबळीच्या चार बाजूंना दारू शिंपडली, भूमातेचं नाव घेतलं, आणि एक घोट स्वतःही घेतला.

"दुष्काळात पण हिचा वाटा चुकत नाही," विल्मेर कुजबुजला. कुणीतरी त्याला टपली मारली.

फाउस्तिनो वीसतोंड्याला पाठ टेकून उभा होता. त्याने ठरवलं होतं. इतुर्रीने ओळखायच्या आत आपणच बोलायचं. पोरांना मोठ्याने मोजायला लावायचं. पंधरापाशी ती थांबतीलच, कारण पुढे मोजायला काही नाही. मग सांगायचं, की शेंडा नाही, आणि तो नाही हे मला दिसलं नाही, कारण मला दिसत नाही. तेवढ्या चार शब्दांनी नोकरी जाईल. जाऊ दे. निदान ते शब्द आपल्या तोंडचे असतील. त्याला भीती वाटत होती, पण मार्चपासून पहिल्यांदाच आपण काहीतरी स्वतः करतोय असंही वाटत होतं.

"लिसेन्सियादो," तो म्हणाला, "भाषण राहू दे. गणितात बोलून काही होत नाही, मोजावं लागतं. पोरं याची तोंडं मोजतील. तुम्हीही मोजा. प्रत्येकाने बोटाने दाखवायचं, आणि जे आहे तेच मोजायचं."

"वा," इतुर्री म्हणाले. "मोजू या की."

"एक," पोरांनी सुरुवात केली. "दोन. तीन." खालची पाच झाली. मग मधली दहा, एक उलट एक सुलट, वीसतोंड्याभोवती फिरत. चपलांचा आवाज त्याच्या डावीकडून उजवीकडे गेला. तेरा. चौदा. पंधरा.

फाउस्तिनोने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"सोळा," एदित म्हणाली.

तिच्या आवाजात जराही कंप नव्हता. "सतरा," विल्मेर म्हणाला, नेहमीची मस्करी सोडून. मग दारातल्या बायका मिसळल्या, मावशीचा दारूने जड झालेला आवाज, दोन्या बेत्साबेचा बारीक आवाज, खिडकीतले बाप्ये. आणि "अठरा"ला, सगळ्यांच्या वर, शहरी वळणाचा, भाषणाची सवय असलेला एक भरदार आवाज ऐकू आला. इतुर्री मोजत होते. एकोणीस. वीस.

टाळ्या झाल्या.

"एक कमी नाही, एक जास्त नाही," इतुर्री म्हणाले. "काय, प्रोफेसर?"

टाळ्या थांबल्या. सगळी खोली त्याच्या तोंडाकडे बघतेय हे त्याला डोळ्यांशिवायही कळलं. पंधरा म्हणणं त्याच्या जिभेवर होतं. तीस वर्षं त्याने एका आकड्याच्या चुकीसाठी पोरांना उठून उभं केलं होतं. पण आता पंधरा म्हटलं तर कुणाला खोटं पाडायचं? पोरांना, त्यांच्या आयांना, आणि एवढ्या दूरवरून येऊन रिकाम्या हवेकडे बोट दाखवणाऱ्या या माणसाला? त्यांनी आपापसांत सगळं आवरून घेतलं होतं. त्याच्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

"बरोबर," फाउस्तिनो म्हणाला.

पुन्हा टाळ्या झाल्या, या वेळी जास्त. कुणीतरी हुंदका दिल्यासारखं त्याला वाटलं, पण बाहेर बँड सुरू झाला आणि माणसं जेवणाकडे वळली. इतुर्री त्याच्याजवळ आले. त्यांनी काही न विचारता त्याच्या कोपराखाली हात घातला आणि त्याला दाराकडे नेलं.

"जपून, प्रोफेसर," ते हळूच म्हणाले. "इथे पायरी आहे."

ती पायरी फाउस्तिनोने स्वतः घातली होती, शाळा नवी झाली तेव्हा, तळ्यावरून रेती आणून. झोपेतही त्याचा पाय तिच्यावर चुकला नसता. तो थांबला. त्याने पाय थोडा उचलला आणि तसाच, हवेत, धरून ठेवला.

"हं," इतुर्री म्हणाले. "आता टाका."

त्याने टाकला.